लोणारची सहल आणि चाळीस वह्या

बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांची हिवाळी सहल बहुधा ठरलेली असते. सिंदखेड राजा, शेगाव आणि लोणार. सहलीहून आल्यावर निबंध, हेही ठरलेले. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई रजेवर होत्या, म्हणून आठवीच्या चाळीस वह्या माझ्याकडे, म्हणजे विज्ञानाच्या शिक्षकाकडे, तपासायला आल्या. निम्म्याहून अधिक वह्यांतले पहिले वाक्य जवळपास एकच होते: ‘लोणार सरोवर हे बुलढाणा जिल्ह्यातील एक निसर्गरम्य, जगप्रसिद्ध व उल्कापाताने निर्माण झालेले जगातील एकमेव खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे.’

आठवीतले मूल असे बोलते का? ते सहलीहून घरी गेल्यावर आईला ‘निसर्गरम्य’ म्हणाले असेल का? वाक्य माहितीपत्रकातून फलकावर, फलकावरून गाइडमध्ये आणि गाइडमधून वहीत आले होते. वाटेत कोणीच त्याच्याकडे नीट पाहिले नव्हते. पाहिले असते तर त्यात दोन चुका सापडल्या असत्या. ‘जगातील एकमेव’ हे कशाबद्दल? खाऱ्या पाण्याची सरोवरे जगात पुष्कळ आहेत. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या खडकात, पडलेली आघात-विवरेही आणखी आहेत. ब्राझीलमधले व्हिस्टा अलेग्री हे त्यांपैकी एक. लोणारचे वैशिष्ट्य असे की ते भूशास्त्राच्या हिशेबाने तरुण आहे आणि त्याचा आकार अजून शाबूत आहे. चंद्रावरचे जे काळे डाग आपण ‘ससा’ म्हणून मुलांना दाखवतो तेही बेसॉल्टचेच. त्यामुळे तिथल्या विवरांशी तुलना करायला लोणार सोयीचे पडते. दुसरी चूक शब्दाची. आकाशात जळताना दिसते ती उल्का. जळून उरलेला दगड जमिनीपर्यंत पोचला तर तो अशनी. खड्डा अशनी पाडतो. इथे अवघड शब्द टाळून चालत नाही, कारण तो दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवतो. सोपे लिहायचे म्हणजे सगळे पारिभाषिक शब्द हाकलायचे, असा एक समज आपल्यात आहे. तो काही मला पटत नाही.

पण त्या दिवशी यातले काही माझ्या ध्यानात आले नाही. मी ही वाक्ये वाचून बरोबरची खूण करत गेलो आणि एका मुलीच्या वहीपाशी अडलो. तिने लिहिले होते: ‘पाण्यात हात घातला तं बोटं साबनावानी बुळबुळीत झाले. मायच्या धुण्याच्या सोड्यात हात घातला का असेच होतात.’ मी दोन्ही वाक्यांखाली लाल रेघ ओढली, समासात ‘भाषा गावठी’ असा शेरा मारला आणि पुढची वही घेतली.

चारच दिवसांनी मी त्याच वर्गाला आम्ल आणि आम्लारी शिकवत होतो. लोणारच्या पाण्याचा सामू साडेनऊ ते साडेदहाच्या आसपास असतो, त्यात सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट असते, असे सांगितले. सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा, हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मी थबकलो. ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसून हेच वाक्य निमूटपणे उतरवून घेत होती.

चाळीस वह्यांमध्ये रसायनशास्त्राचे निरीक्षण एकच होते आणि मी त्यावर लाल रेघ मारली होती. तिने वस्तूला हात लावला, काय जाणवले ते लिहिले, ओळखीच्या गोष्टीशी त्याची तुलना केली, आणि ती तुलना नुसती शोभेची नव्हती. ती पदार्थाच्या नावापर्यंत पोचली होती. अशा पाण्यात बोटे बुळबुळीत का होतात? आम्लारीचा आपल्या कातडीवरच्या तेलकट थराशी संयोग होतो आणि त्याचा थोडासा साबणच बनतो. म्हणजे ‘साबनावानी’ हा शब्दही बरोबर होता. (हळदीत बुडवून वाळवलेला कागद या पाण्यात तांबडा होतो. तो प्रयोग अवश्य करावा, नंतर हात स्वच्छ पाण्याने धुवावेत. सरोवराचा परिसर अभयारण्य आहे, तेव्हा तिथला दगड-गोटा खिशात घालू नये.)

शेरा मी खोडला, तिची वाक्ये वर्गाला वाचून दाखवली. आणि मग स्वतःचेच लिखाण तपासायला घेतले. सहलीला जाण्याआधी मी मुलांना एक टिपण दिले होते. त्यातले एक वाक्य असे: ‘लोणार विवराच्या उत्पत्तीसंदर्भात विविध मतमतांतरे प्रचलित असली तरी वेधनातून प्राप्त नमुन्यांमध्ये मास्केलिनाइटचे अस्तित्व आढळून आल्याने आघातजन्य उत्पत्तीच्या मतास पुष्टी प्राप्त झालेली आहे.’

या वाक्यात चूक एकही नाही. पण काय घडले ते त्यात दिसत नाही. कोणी काही केले आहे असे वाटतच नाही. मते प्रचलित असतात, अस्तित्व आढळते, पुष्टी प्राप्त होते. क्रियापदांतला सगळा जोर ‘उत्पत्ती’, ‘वेधन’, ‘पुष्टी’ या नामांनी शोषून घेतला आहे. ही परिपत्रकाची मराठी आपल्याला नकळत चिकटते, कारण शिक्षक परिपत्रके फार वाचतो. शिवाय ‘मास्केलिनाइट’ म्हणजे काय हे न सांगता मी त्याच्यावर सगळा पुरावा टेकवला होता. मुलांनी हे वाक्य पाठ केले, दुसरे काय करणार?

फळ्यावर आम्ही ते पुन्हा लिहिले. दोन तास गेले. शेवटी जे झाले ते साधारण असे:

‘लोणारचा खड्डा कशाने पडला? बराच काळ भूशास्त्रज्ञांना तो ज्वालामुखीमुळे झाला असे वाटे, कारण दख्खनचा सगळा काळा खडक लाव्हाचाच आहे. पुढे भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी तळ्याच्या तळाशी छिद्रे पाडली. तिथे सुमारे १०० मीटर जाडीचा गाळ आहे. तो भेदून त्यांनी खालचा फुटका खडक वर काढला. त्या खडकात त्यांना एक प्रकारची काच मिळाली. बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार या खनिजाचे स्फटिक असतात. त्यांच्यावर क्षणभर प्रचंड दाब आला तर त्यांची आतली शिस्तशीर मांडणी मोडते आणि त्यांची काच होते. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात. एवढा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. आकाशातून अतिवेगाने येऊन आदळलेला दगड तो निर्माण करतो.’

मजकूर चौपट झाला. एका मुलाने लगेच विचारले, ‘सर, तुम्हीच म्हणता ना थोडक्यात लिहा?’ प्रश्न रास्त होता. थोडक्यात लिहिणे आणि स्पष्ट लिहिणे या दोन गोष्टी नेहमी हातात हात घालून जात नाहीत. पहिल्या वाक्यात शब्द कमी होते, पण मधल्या पायऱ्या वाचणाऱ्याने स्वतः बांधायच्या होत्या. दुसऱ्यात प्रश्न आधी आला, मग माणसे आली, त्यांनी काय केले ते आले. वस्तू दाखवून झाल्यावर तिचे नाव सांगितले. नाव आधी आले की मूल त्याच्यापाशीच अडखळते आणि पुढचे काही वाचत नाही. ज्या संशोधनाने हे ठरवले ते १९७३ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात आले. फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम हे त्याचे लेखक. शीर्षकाचे मराठी करायचे तर ‘लोणार सरोवर, भारत: बेसॉल्टमधील एक आघात-विवर’. निष्कर्ष शीर्षकातच सांगून टाकला आहे.

कर्मणी प्रयोग मात्र सरसकट वाईट, असे म्हणू नका. ‘परीक्षानळीत दोन थेंब टाकले’ यात कोणी टाकले याला महत्त्व नाही. आणि ‘खड्डा पडला’ हे किती छान मराठी आहे! कर्ता कोण हे माहीत नसतानाही घटना डोळ्यांपुढे उभी राहते.

आकड्यांची गोष्ट वेगळी. चाळीसही वह्यांत व्यास होता, सुमारे १.८ किलोमीटर. पण एवढ्याने काय कळते? गणिताच्या तासाला मुलांनी परीघ काढला, तो साडेपाच किलोमीटरच्या वर गेला. म्हणजे काठावरून एक फेरी मारायची तर सपाट वाटेवरही सव्वा तास हवा. खोलीसाठी मी कुतुबमिनार सुचवला. वर्गातल्या एकानेही तो पाहिला नव्हता. मग कोणीतरी विहीर म्हणाले. आमच्याकडे पन्नास फुटांची विहीर सर्वांच्या ओळखीची. काठापासून पाण्यापर्यंतचा उतार उभा धरला तर सुमारे १४० मीटर, म्हणजे अशा नऊ विहिरी एकीखाली एक. वर्ग क्षणभर गप्प झाला. मापाची तुलना वाचणाऱ्याच्या गावातली हवी, हे त्या दिवशी मीच शिकलो.

वयाच्या आकड्याने जास्त छळले. काही वह्यांत ५० हजार वर्षे होती, काहींत पाच लाखांहून अधिक. मुलांना वाटले कोणीतरी चुकीचे उतरवले. तसे नव्हते. आघातात तापून वितळलेल्या काचेतून निघणारा क्षीण प्रकाश मोजून, म्हणजे तापदीप्तीच्या पद्धतीने, वय सुमारे ५२ हजार वर्षे येते. त्याच प्रकारच्या काचेतल्या आरगॉन वायूच्या मोजणीवरून २०११ साली सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे हे वय प्रसिद्ध झाले. अशा वेळी एक आकडा निवडून ठामपणे छापणे हा वाचकाला फसवण्याचा प्रकार आहे, आणि ‘याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत’ एवढेच म्हणून सुटणे हा आळस. कोणत्या पद्धतीने किती, हे लिहावे. दोन वाक्ये जास्त लागतात, लागू द्यावीत.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा वृत्तपत्रांत ‘चमत्कार’, ‘गूढ’ असे शब्द उधळले गेले. त्यानंतर आलेल्या एका वर्गाने त्यावर परिच्छेद लिहिले. बहुतेकांची सुरुवात ‘हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे’ अशी. माहिती खरी, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून तेच सांगितले होते. पण क्रम उलटा. आधी पाणी आटले, मग उरलेल्या पाण्यात क्षारांचे प्रमाण वाढले, मग खारटपणात सुखाने वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची चंगळ झाली, आणि त्यांच्या अंगच्या गुलाबी रंगद्रव्याने पाणी रंगले. घटना ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने सांगितली की ‘त्यामुळे’, ‘परिणामी’, ‘सबब’ हे शब्द आपोआप गळून पडतात.

हे सगळे मराठीला नवे नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी रिद्धपूरला ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठीतला आद्य गद्य ग्रंथ म्हणून आपण तो शिकवतो. चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत आपले मेहकर आणि लोणारही आहे. म्हाइंभटांची पद्धत विज्ञानशिक्षकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. ज्यांनी प्रसंग प्रत्यक्ष पाहिला त्यांना गाठायचे, त्यांच्याकडून ऐकायचे, नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचे, आणि दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तोही नोंदवायचा. वाक्ये आखूड, कोण आले, कुठे बसले, काय म्हणाले. त्याच पंथात केशिराजबास संस्कृतातून लिहू पाहत होते तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना ते कळले नसते. असा वाचक डोळ्यांपुढे ठेवून लिहायला सांगणारा संपादक आजही विरळाच.

या म्हाताऱ्यांची आठवण ठेवून मी पुढच्या वर्षीपासून एक प्रघात पाडला. सहलीला प्रत्येकाने वही न्यायची. डाव्या पानावर पाहिलेले, हुंगलेले, हाताला लागलेले, घरच्या बोलीत लिहायचे. उजव्या पानावर वाचलेले आणि फलकावरचे. निबंध नंतर दोन्हींतून करायचा, प्रमाण मराठीत, पण डाव्या पानावरचे निदान एक निरीक्षण त्यात यायलाच हवे. लिहून झाले की घरी आईला किंवा आजीला वाचून दाखवायचे आणि ती जिथे ‘म्हंजे?’ म्हणेल तिथे पेन्सिलीने फुली करायची. फुल्यांना गुण कापायचे नाहीत, नाहीतर मुले फुल्याच करत नाहीत. हे मला पहिल्या वर्षी कळले.

एका मुलाच्या वहीत फुली नव्हती, पण शेवटी त्याने आजीचा प्रश्न लिहून आणला होता: ‘मंग तो दगूड कुठी गेला?’

कोणत्याच निबंधात याचे उत्तर नव्हते. माझ्या टिपणातही नव्हते, आणि १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली हे मात्र त्यात तारखेसकट होते. मुलाने आणि मी मिळून उत्तर लिहिले. दगड ज्या वेगाने आला तो बंदुकीच्या गोळीच्या कितीतरी पट होता. जमिनीला धडकताच त्याचा वेग क्षणात संपला आणि त्या वेगातल्या ऊर्जेची उष्णता झाली. त्या उष्णतेने दगडाचा बहुतेक भाग वितळला आणि वाफ होऊन उडाला. थोडासा अंश वितळलेल्या काळ्या खडकात मिसळला, आणि त्या खडकाचे काचेचे बारीक मणी होऊन आजूबाजूला पडले. काठावरचे खडकाचे थर बाहेरच्या बाजूला उलटलेले दिसतात, तेही त्याच धक्क्याने.

त्याने ते घरी वाचून दाखवले. ‘ऊर्जा’ या शब्दावर फुली होती.