कॉफीचा बागाईतदार आणि सातासमुद्रापलीकडचे गिऱ्हाईक



चुलीवरच्या चहावर वाढलेल्या आपल्या मंडळींना कॉफीशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. पण 'माल आपला आणि भाव दुसऱ्याचा' हे दुखणे उसाला तसेच कॉफीलाही आहे. गेल्या हिवाळ्यात आपल्या काही सभासदांसह आम्ही कर्नाटकात चिकमगळूर भागात दोन दिवस काढले. ऐन तोडणीचा हंगाम होता. तिथले काही लहान बागाईतदार आपला माल इंटरनेटवरून थेट परदेशातल्या कॉफी भाजणाऱ्या व्यावसायिकांना, म्हणजे रोस्टरना विकतात. हे जमते कसे आणि अडते कुठे, ते समजून घेण्यासारखे आहे.

पूर्वी काय होते

१९४२ च्या कायद्याने आपल्या देशात कॉफी बोर्डाचा 'पूल' आला. बागाईतदाराने माल पुलात घालायचा, बोर्डाने विकायचा आणि पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे. शेवटच्या हप्त्याची वाट पाहणे म्हणजे काय, हे आपल्या सभासदांना वेगळे सांगायला नको. १९९२-९३ पासून थोडा थोडा माल स्वतः विकण्याची मुभा मिळाली आणि १९९६ मध्ये सगळा बाजार मोकळा झाला.

मोकळीक मिळाली, पण आधार गेला. उसाला एफआरपीचा आधार आहे, कॉफीला तसा किमान भाव नाही. अरेबिका जातीचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारात ठरतो, रोबस्टाचा लंडनच्या. तोही कसा? अरेबिका २००१ साली पौंडाला ५० सेंटच्या खाली गेली होती. तीच २०२५ च्या फेब्रुवारीत ४ डॉलरच्या वर चढली. बागाईतदाराने बागेत तसूभर फरक केला नाही, तरी भाव आठपट खालीवर! या लाटेतून थोडे तरी सुटावे, चांगल्या मालाला चांगल्या मालाचा भाव मिळावा, म्हणून थेट विक्रीची धडपड.

ऊस आणि कॉफी यांत फरक काय

ऊस तोडला की लवकरात लवकर गाळला पाहिजे, नाहीतर वजनही घटते आणि उताराही. म्हणून उसाला जवळ कारखाना लागतो. कॉफीचे तसे नाही. लाल पिकलेले फळ तोडून, साल काढून किंवा अख्खेच वाळवले, की बी महिनोन् महिने टिकते. साधारण ५ ते ६ किलो ताज्या फळांतून १ किलो हिरवे बी निघते. हे बी जगात कुठेही जाऊ शकते.

दुसरा फरक मोठा. साखरेच्या पोत्यात कोणाच्या शेताची साखर आहे, हे कोणी विचारीत नाही. कॉफीत मात्र विचारतात. बाग किती उंचीवर, जात कोणती, फळ कसे वाळवले, यावर चव बदलते. जाणकार लोक कॉफी चाखून १०० पैकी गुण देतात आणि ८० च्या वरची कॉफी 'स्पेशालिटी' म्हणून वेगळी काढतात. थेट विक्री होते ती मुख्यतः या मालाची. साध्या मालाला परदेशी रोस्टर घरबसल्या शोधत येईल, या भ्रमात कोणी राहू नये.

व्यवहार कसा होतो

इंटरनेटवर दोन तऱ्हा आहेत. पहिली लिलावाची. 'कप ऑफ एक्सलन्स' ही स्पर्धा १९९९ साली ब्राझीलमध्ये सुरू झाली. परीक्षक नाव-गाव न बघता कॉफी चाखतात आणि निवडलेल्या मालाचा इंटरनेटवर लिलाव होतो. पनामातल्या अशाच एका लिलावात २००४ साली 'गेशा' जातीची कॉफी पौंडाला २१ डॉलरने गेली आणि सगळे जग चकित झाले. पण लिलावात जातात मोजकी पोती. त्यावर सगळ्यांचे घर चालत नाही.

दुसरी तऱ्हा रोजच्या बाजाराची. बागाईतदार आपल्या मालाची माहिती, पोती आणि मागणीचा भाव इंटरनेटवरच्या बाजारात किंवा स्वतःच्या पानावर मांडतो. रोस्टरला पसंत पडले तर तो नमुना मागवतो. हा नमुना पाव ते अर्धा किलोचा. रोस्टर तो भाजून चाखतो, मग भाव ठरतो, करार होतो. माल निघण्यापूर्वी प्रत्यक्ष पोत्यांतून काढलेला दुसरा नमुना जातो. तो पहिल्याशी जुळला तरच माल हलवायचा. हा दुसरा नमुना म्हणजे व्यवहाराचा कणा, असे तिथल्या एका जाणत्याने आम्हांला सांगितले.

कागदपत्रेही लागतात. परदेश व्यापार खात्याचा आयात-निर्यात क्रमांक, कॉफी बोर्डाकडे निर्यातदार म्हणून नोंद आणि परवाना, मालाच्या मूळ देशाचा दाखला, कीडरोग नसल्याचा दाखला. युरोपात माल धाडायचा तर आणखी एक गोष्ट. जंगल तोडून पिकवलेला माल नको, असा कायदा युरोपीय संघाने २०२३ साली केला. त्याची अंमलबजावणी एकाहून अधिक वेळा पुढे ढकलली गेली, पण जमिनीचा ठिकाणा नकाशावर दाखवण्याची तयारी ठेवावीच लागते. सातबारा आणि गटनकाशा सांभाळणाऱ्याला हे अवघड वाटू नये.

पोत्यांचा हिशेब

आता खरी अडचण ऐका. कॉफीचे निर्यातीचे पोते ६० किलोचे. २० फुटी कंटेनरमध्ये अशी सुमारे ३२० पोती बसतात, म्हणजे १९ टनांच्या वर माल. दोन-तीन एकरांच्या बागाईतदाराकडे एवढा माल कुठला? आणि परदेशातल्या लहान रोस्टरला एवढा हवा कुठे? तो म्हणतो, मला १० पोती द्या.

कंटेनर अर्धा गेला तरी भाडे जवळजवळ पुरे पडते. म्हणून अनेकांचा माल एकत्र करून कंटेनर भरावा लागतो आणि पलीकडे अनेक गिऱ्हाइकांत तो वाटावा लागतो. त्यासाठी तिकडे आयातदार, गोदाम, विमा हे सगळे लागतेच. थेट विक्रीत मधला माणूस नाहीसा होत नाही. फरक एवढाच, की त्याचे काम आणि त्याचा मोबदला बागाईतदाराला दिसू लागतो. किलोला १० डॉलर भाव ठरला म्हणून १० डॉलर घरी येत नाहीत. सफाई, प्रतवारी, पोती, बंदरापर्यंतची वाहतूक, कागदपत्रांचा खर्च वजा करून काय उरते, ते पाहावे. ठरलेला भाव आपल्या बंदरातला की तिकडच्या गोदामातला, हे करारात स्पष्ट नसेल तर सगळा नफा जहाजभाड्यात जातो.

फसगत कुठे होते

एका बागाईतदाराची हकिगत आम्ही त्याच्याच तोंडून ऐकली. फेब्रुवारीत त्याने उत्तम नमुना धाडला, पसंत पडला. कंटेनर भरण्याइतका शेजाऱ्यांचा माल जमेपर्यंत जून उजाडला. पावसाची हवा, साधी तागाची पोती. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला. घाईत दुसरा नमुना धाडलाच नाही. माल पोहोचला तेव्हा चव उतरलेली. गिऱ्हाइकाने भाव पाडला आणि ठरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा गेला. "साहेब, भांडायला तरी कुठल्या कोर्टात जायचं?" असे तो म्हणाला. आमच्यापाशी उत्तर नव्हते. आता तो हवाबंद अस्तराच्या पिशव्या वापरतो आणि दुसऱ्या नमुन्याशिवाय एक पोते हलवीत नाही.

पैशाचेही तेच. मोठ्या सौद्याला बँकेचे हमीपत्र घेता येते, १० पोत्यांच्या सौद्याला त्याचा खर्च परवडत नाही. म्हणून काही रक्कम आगाऊ आणि बाकी कागदपत्रे बँकेमार्फत सोडवताना, असा रिवाज ठेवतात. ई-मेलवर 'आमचे बँक खाते बदलले' अशी बनावट पत्रे गिऱ्हाइकाला धाडून पैसे लुबाडण्याचे प्रकारही होतात. खात्री फोनवर, आवाज ओळखूनच करावी.

एकट्याने की मिळून?

इथे आपल्या ओळखीची वाट येते. इथिओपियात १९९९ साली ओरोमिया भागातील ३४ प्राथमिक सहकारी संस्थांनी मिळून कॉफी उत्पादकांचा संघ काढला. ताडेसे मेस्केला हे त्याचे नाणावलेले व्यवस्थापक होते. २००८ साली तिथे सरकारी कृषिमाल बाजार सुरू झाला. त्यातून जाणाऱ्या मालात गावागावाची कॉफी एकत्र मिसळून तिची ओळख पुसली जाई. सहकारी संघांना मात्र थेट निर्यातीची मोकळीक राहिली, म्हणून संघाचा माल गावाच्या नावाने परदेशी गेला. नमुना, चाखणी, गोदाम, कागदपत्रे, कंटेनर ही एकट्याच्या आवाक्याबाहेरची कामे संघ करतो आणि नफ्यातला वाटा संस्थांकडे परत येतो.

१९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे दाखवले, त्याहून हे निराळे नाही. इंटरनेटमुळे गिऱ्हाईक दिसते, पण पोती काही त्यातून जात नाहीत. त्यासाठी माणसेच एकत्र यावी लागतात.

आपण काय घ्यावे

आपले काही सभासद सेंद्रिय गूळ आणि काकवी करतात व बाहेर विकण्याची इच्छा बोलून दाखवतात. त्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नमुन्यासारखाच सगळा माल देता येईल, तेवढाच बोलावा. भाव ऐकून हुरळू नये, हाती उरणारा पैसा मोजावा. आणि पहिला सौदा लहान करावा, म्हणजे बुडाला तरी घर बुडत नाही.

चिकमगळूरहून आम्ही एकाच बागेतल्या कॉफीच्या दोन पुड्या आणल्या आहेत, एक नीट वाळवलेली आणि एक ओल धरलेली. दोन्ही शेती खात्याच्या कचेरीत ठेवल्या आहेत. सभासदांनी येऊन वास घेऊन पाहावा. भावातला फरक नाकालाच कळेल.