शिलाईच्या डब्यात एक वही

घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांत फॉल-पिको करून, ब्लाऊज शिवून संसार चालविणाऱ्या आपल्या अनेक माताभगिनी आहेत. एकाच खोलीत मशीन, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास! म्हणून सुया-टाचण्या झाकणाच्या डबीत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. सांडल्यास लोहचुंबक फिरवावे. रिळे रंगवार लावावीत, मशीनच्या सुया नंबरवार: तलम कापडाला ११, साध्या सुतीला १४, जाडाला १६.

डब्यातच एक वही ठेवा. दोरा-सुईचा खर्च आणि मिळालेली शिलाई रोज लिहा. घरबसल्या कामाला कोणी कमाई समजत नाही. वही ती दाखवून देईल. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी, हे बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. तो हिशेब आपल्या घरापासून सुरू होऊ द्या. जयभीम!