फोल्डर लपवला, पण कोणी? नागपूरच्या एका हार्डडिस्कची गोष्ट

फोनमधला एखादा फोल्डर 'हाइड' केला की तो गायब झाला असं आपल्याला वाटतं. पण तो जागेवरच असतो. अँड्रॉइडमध्ये फोल्डरच्या नावाआधी एक टिंब लावलं की फाइल मॅनेजर तो दाखवत नाही, एवढंच. 'शो हिडन फाइल्स' चालू करा, लगेच हजर! विंडोजमध्येही 'हिडन' ही फक्त एक खूण आहे, कुलूप नाही.

आता उलटा विचार करा. तुमच्या मशीनमध्ये लपवलेला फोल्डर आहे आणि तो तुम्ही बनवलेलाच नाही, तर?

हा प्रश्न आपल्या नागपुरातच उभा राहिलाय. एल्गार परिषद प्रकरणात 17 एप्रिल 2018 ला वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या घरी झडती झाली, कॉम्प्युटरचं साहित्य जप्त झालं आणि 6 जून 2018 ला त्यांना अटक झाली. बंदी असलेल्या माओवादी पक्षाशी संबंध असल्याचा आरोप, आणि पुराव्यांत डिस्कवर सापडलेल्या फाइल्स. बचाव पक्षाने डिस्कची कॉपी अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या फॉरेन्सिक कंपनीकडून तपासून घेतली. 2021 मधल्या तिच्या अहवालात म्हटलंय की 'नेटवायर' नावाच्या व्हायरसमुळे हा कॉम्प्युटर सुमारे 20 महिने दुसऱ्याच्या ताब्यात होता, 'मटेरियल' नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये किमान 14 कागदपत्रं बाहेरून टाकली गेली आणि ती तिथे उघडल्याची खूणही सापडत नाही. एनआयए असे खासगी अहवाल मानत नाही. याच प्रकरणातले रोना विल्सन यांच्या लॅपटॉपबद्दल तिने सांगितलं होतं की पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेला त्यात व्हायरस सापडला नाही. खरंखोटं कोर्ट ठरवेल. आपला प्रश्न वेगळा आहे: असं काही डिस्कवरून कळतं तरी कसं?

त्याचं उत्तर फाइल सिस्टीममध्ये आहे. विंडोजची एनटीएफएस ही सिस्टीम तलाठ्याच्या दप्तरासारखी आहे. प्रत्येक फाइलची नोंद 'मास्टर फाइल टेबल'मध्ये होते: कधी बनली, कधी बदलली, कधी वाचली. गंमत म्हणजे या वेळा दोन ठिकाणी लिहिल्या जातात. एक जागा साध्या टूलनेही बदलता येते, दुसरी बदलणं बरंच अवघड. दोन्ही जुळत नसतील तर तपासणाऱ्याच्या भुवया उंचावतात. शिवाय एक 'जर्नल' असतं, त्यात फाइल बनली, नाव बदललं, डिलीट झाली असे बदल ओळीने येतात, पण जुन्या नोंदी पुसत जातात.

एनटीएफएसची अजून एक करामत आहे, 'अल्टरनेट डेटा स्ट्रीम'. म्हणजे एका फाइलला चिकटलेली दुसरी फाइल, जी एक्सप्लोररमध्ये दिसत नाही आणि साइजमध्येही मोजली जात नाही. व्हायरस बनवणारे इथे कोड लपवतात. पण तुम्ही नेटवरून फाइल डाउनलोड केली की 'ही बाहेरून आलीय' अशी चिठ्ठी ब्राउझर याच स्ट्रीममध्ये लिहितो. ती चिठ्ठी वाचूनच वर्ड फाइलला 'प्रोटेक्टेड व्ह्यू'मध्ये उघडतं, आणि 2022 पासून ऑफिस अशा फाइल्समधले मॅक्रो अडवतं. मात्र फाइल एक्सएफएटी पेनड्राइव्हवर टाकली की चिठ्ठी गळून पडते, कारण त्या सिस्टीमला स्ट्रीम कळतच नाही. सीताबर्डीच्या झेरॉक्सवाल्याकडून पेनड्राइव्हमध्ये आलेली फाइल म्हणूनच कसलीही वॉर्निंग न देता उघडू शकते. बघायचंय? विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डीआयआर', मग स्पेस, स्लॅश आणि 'आर' टाइप करा.

फोनचं काय? अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपची स्वतःची खोली असते, दुसऱ्या ॲपला आत शिरता येत नाही. अँड्रॉइड 11 पासून बाकीच्या स्टोरेजमध्येही मोकाट फिरायला 'ऑल फाइल्स ॲक्सेस' ही वेगळी परवानगी लागते. ती फाइल मॅनेजरला दिली तर ठीक, पण टॉर्चच्या ॲपला कशाला? ज्याच्याकडे ही परवानगी आहे तो तुमच्या डाउनलोड्स फोल्डरमधल्या फाइल्स वाचू शकतो, पुसू शकतो आणि नवीन टाकूही शकतो. सेटिंग्ज, ॲप्स, मग 'स्पेशल ॲप ॲक्सेस' उघडा. त्या यादीत कोण कोण आहे ते एकदा बघाच.