बाजार उघड्यावर, धोका बंद खोलीत

कोरोनाचा विषाणू प्रत्येक बाधिताकडून सारखाच पसरत नाही. अनेकांकडून कुणालाच लागण होत नाही आणि एखाद्याकडून एकाच बैठकीत डझनावारी माणसे आजारी पडतात. हा फरक बऱ्याच अंशी जागेमुळे पडतो. बंद हवा, दाटी आणि जवळून किंवा मोठ्याने बोलणे एकत्र आले की धोका वाढतो; जपानने 2020 मध्ये लोकांना टाळायला सांगितले ते हेच. तासन्‌तासांचा सहवास ही त्यात भर.

या मापाने अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजारसारख्या गावचा आठवडी बाजार दिसतो तितका वाईट नाही. गर्दी असते, पण वर आभाळ आणि खेळता वारा असतो. गिऱ्हाईक एका दुकानापुढे चार-दोन मिनिटेच थांबते. त्याच बाजाराला खेड्यांवरून माणसे कोंबून आणणारी काळीपिवळी टॅक्सी जास्त धोक्याची, त्यातही थंडीत काचा वर केल्यावर. लग्नाचेही तसेच. अंगणातल्या मांडवात उठलेली पंगत आणि दारे लावलेल्या कार्यालयात बँडच्या आवाजावर ओरडून चाललेल्या गप्पा यांत मोठे अंतर आहे.

फेब्रुवारी 2021 मध्ये दुसऱ्या लाटेची चाहूल वऱ्हाडातच लागली. 22 फेब्रुवारीपासून अमरावती शहर आणि चांदूर बाजारच्या शेजारचे अचलपूर बंद झाले. त्याच आठवड्यात वाशीम जिल्ह्यातल्या देगावच्या निवासी शाळेत 327 पैकी 229 विद्यार्थी बाधित निघाले. त्यांतले बरेच अमरावती जिल्ह्यातले. वसतिगृहात झोपणे, जेवणे, अभ्यास सारे एकाच छताखाली, त्यामुळे एकाचा खोकला रात्रभर साऱ्यांच्या वाट्याला येतो. तुरुंग, वृद्धाश्रम आणि मजुरांच्या खोल्या याच जातीच्या. जर्मनीत गुटर्सलोच्या मांसप्रक्रिया कारखान्यात जून 2020 मध्ये हजाराहून अधिक कामगार बाधित झाले. तिथे थंड हवा आतल्या आत फिरत होती, आणि बरेच कामगार राहतही दाटीनेच होते. आपल्याकडे संत्र्यांची प्रतवारी बाजूंनी मोकळ्या शेडमध्ये होत असेल, तर तिथल्या बायांना कामापेक्षा येण्याजाण्याच्या गाडीचा धोका अधिक.

महाराष्ट्रात निर्बंध उठले त्या क्रमातही हा हिशेब दिसतो. सलून 28 जून 2020 ला उघडली, पण आधी केस कापण्यासारख्या मोजक्या कामांना. दाढीला परवानगी नव्हती; तेव्हा तर गिऱ्हाइकाच्या तोंडावर मास्कही राहत नाही. हॉटेलांत बसून जेवण ऑक्टोबरात सुरू झाले, व्यायामशाळा दसऱ्याला. जोराचा श्वास आणि कोंदट खोली एकत्र आल्याने व्यायामशाळेचा क्रम मागे लागणे रास्तच होते. मंदिरे मात्र दिवाळीच्या पाडव्यापर्यंत बंद राहिली, मोकळ्या आवाराची असली तरी. तिथे हवेपेक्षा गर्दीची धास्ती जास्त होती.

कोरोनाप्रमाणे गोवरालाही बंद खोली मानवते: रुग्ण निघून गेल्यावरही त्याचा विषाणू हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. काविळीच्या ‘अ’ विषाणूचा मार्ग मात्र वेगळा. तो दूषित पाण्या-अन्नातून जातो, म्हणून तिथे खिडकीपेक्षा रसवंतीचा बर्फ आणि पाणीपुरीचे पाणी आधी तपासावे लागते.