भांडण नसतानाची भेट

मी राहणारा डोंबिवलीचा. पण माझी अठ्ठावीस वर्षांची भाकरी भिवंडीची. सकाळी लोकलने कल्याण, तिथून एस.टी.ने दुर्गाडीचा पूल ओलांडून कोनगाव आणि मग भिवंडी, असा माझा रोजचा क्रम. एका सूत-व्यापाऱ्याच्या पेढीवर मी हिशेबनीस होतो. चाळीत कुणाकडे पाहुणा आला, की शेजारी माझी ओळख करून देताना आवाज थोडा खाली आणीत आणि म्हणत, "हे भिवंडीला असतात!" जणू काही मी रोज आघाडीवर लढायलाच जात होतो. आम्हां डोंबिवलीकरांना पुण्याची पेठ न् पेठ ठाऊक. पण चार कोसांवरची भिवंडी ठाऊक ती फक्त दंगलीच्या बातमीपुरती. आज दिवाळीच्या निमित्ताने या शेजारणीची एक हकीकत वाचकांच्या कानावर घालावी म्हणतो.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. १८५७ च्या बंडानंतर उत्तर हिंदुस्थानातून परागंदा झालेली मोमीन विणकरांची कुटुंबे इथे येऊन स्थिरावली. पुढे हातमाग मागे पडले आणि यंत्रमाग खडखडू लागले. आमचे शेठ कल्याणात राहणारे गुजराती गृहस्थ. ते सूत देत आणि सारा मोहल्ला ज्यांना 'चाचा' म्हणे, ते मोमीन गृहस्थ आपल्या बारा मागांवर त्याचे कापड विणून देत. मागावरचा कामगार कुणी उत्तर प्रदेशचा, कुणी तेलंगणातला पद्मशाली. एका ताग्यात चार मुलखांची मेहनत असायची. नुसत्या धंद्याने सलोखा राहत असता, तर भिवंडीइतके शांत गाव साऱ्या हिंदुस्थानात सापडले नसते.

पण तसे झाले नाही. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे भीषण दंगल झाली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली. चौदा वर्षांनी, १९८४ च्या मे महिन्यात, भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी त्या ज्वाळा ठाणे, कल्याण आणि मुंबईपर्यंत पोहोचल्या आणि अडीचशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. तीन आठवड्यांनी मी भिवंडीला गेलो, तेव्हा चाचांच्या शेडमध्ये मागांचे सांगाडे तेवढे उभे होते आणि आमच्या गोदामातले सूत जळून राख झाले होते. वही उघडली, तर दोघांची नुकसानी एकाच पानावर मांडायची पाळी आली!

त्या दिवसापासून शेठ आणि चाचा यांचे बोलणे थांबले. भांडण म्हणून झाले नाही. पण दोघांच्याही मनात अढी बसली. धंदा मात्र सुरूच राहिला, कारण पोट कुणाला चुकले आहे? शेठ मला म्हणत, "चाचांना सांगा, माल शनिवारी हवा." चाचा म्हणत, "मुनीमजी, शेठना सांगा, सोमवारी मिळेल." चार वर्षे मी या दोघांमधला पोस्टमन होतो. हिशेब चालू आणि बोलणे बंद, असा तो प्रकार. आज मागे वळून पाहताना वाटते, की सबंध भिवंडीचेच त्या काळी असे झाले होते.

१९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. शांतता समित्या यापूर्वीही असत. पण त्यांत बहुधा पुढारी बसत आणि गावात काही पेटले, म्हणजेच त्या भरत. खोपडे यांनी ही रीत उलटी केली. मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून त्यांनी सुमारे सत्तर समित्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान दोघेही. आणि तेही दुकानदार, मागवाले, कामगार, अशी साधी माणसे. दंगलीत ज्याचे काही जाते, असा माणूस. त्यांच्याबरोबर बसे त्या भागातला पोलीस शिपाई. आणि मुख्य म्हणजे काही घडलेले नसतानाच भेटायचे!

आमचे गोदाम मोहल्ल्यात, म्हणून शेठनाही बोलावणे आले. "मुनीम, तुम्हीही चला," म्हणाले. मी गेलो तो मोठ्या भाषणांच्या अपेक्षेने. पाहतो तो काय, पहिला तासभर तुंबलेल्या गटारावरच चर्चा! नंतर गल्लीतला बंद दिवा, नळाला येणारे अपुरे पाणी आणि कुणाच्या तरी पोराने फोडलेली काच. मी मनात म्हटले, याने का दंगली थांबणार? पण गटाराची तक्रार करताना शेठ चाचांकडे वळून म्हणाले, "तुमच्या शेडमध्येही पाणी शिरते ना हो?" चार वर्षांनंतर ते चाचांशी थेट बोललेले हे पहिले वाक्य. माझी पोस्टमनची नोकरी त्या दिवशी संपली. आणि नोकरी गेल्याचा एवढा आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

पुढे ६ डिसेंबर १९९२ चा दिवस उजाडला. अयोध्येत मशीद पाडली गेली आणि मुंबईत दंगल उसळली. एका संध्याकाळी मी कल्याणला शेठच्या घरी असताना कुणीतरी धावत येऊन सांगितले, "तुमचे गोदाम पेटवले!" शेठचा चेहरा पांढराफटक पडला. १९८४ साली अशीच बातमी आली होती आणि ती खरी ठरली होती. पण या वेळी त्यांनी फोन उचलला आणि चाचांचा नंबर फिरवला. चाचा बीटच्या हवालदाराला घेऊन स्वतः गोदामापर्यंत गेले. अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला, "शेठ, ताला जैसा था वैसा है. चाबी आपके पास, फिकर हमारे पास!" अफवा तिथेच मेली. एरवी ती आणखी दहा घरे हिंडली असती आणि कुठे ना कुठे तिने खरीच आग लावली असती.

डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली, असे श्रीकृष्ण आयोगाने नमूद केले आहे. मुंबई सोडून जाणाऱ्यांनी खचाखच भरलेल्या गाड्या मी कल्याण स्टेशनवर माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. आणि भिवंडी, जिच्या नावाने लोक बोटे मोडीत, ती शांत राहिली! पुढे १९९४ साली ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे प्रभृतींनी मुंबईत मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू केली. ज्या गावाकडे मुंबई भीतीने पाहत आली, त्या गावाची वाट तिनेही धरली.

मोठ्या राष्ट्रांचीही गोष्ट निराळी नाही. फ्रान्स आणि जर्मनी यांचा व्यापार १९१४ पूर्वीही जोरात होता. म्हणून काही महायुद्धे टळली नाहीत. १९५१ साली त्यांनी आणखी चार देशांसह कोळसा आणि पोलाद एका सामाईक व्यवस्थेखाली आणले; आणि १९६३ च्या करारात तर लिहूनच ठेवले, की दोन्ही देशांच्या प्रमुखांनी वर्षातून निदान दोनदा भेटलेच पाहिजे. तंटा असो वा नसो, भेट ठरलेली! भिवंडीच्या गटार-चर्चेतले आणि या करारातले शहाणपण मला एकच वाटते.

मात्र हे औषध एकदा घेऊन भागत नाही. ५ जुलै २००६ रोजी कब्रस्तानालगत पोलीस ठाणे बांधण्यावरून भिवंडीत जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात दोघे मेले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. ज्या शिपायाने गल्लीत सतरंजीवर बसून गटाराच्या तक्रारी ऐकल्या, तोच शिपाई आणि तोच मोहल्ला पुन्हा एकमेकांना अनोळखी झाला होता काय, असा प्रश्न त्या दिवशी माझ्या मनात आला. विहीर वापरात नसली की तिचे पाणी खराब होते. बोलण्याचेही तसेच आहे.

आज शेठ नाहीत, चाचाही नाहीत. मी डोंबिवलीत एका सोसायटीत राहतो. शेजारच्या सोसायटीशी आमचे दोन वर्षे सामाईक भिंतीवरून वाकडे होते. निरोप जात ते वकिलामार्फत. गेल्या वर्षी मी दोन्हीकडच्या मंडळींना सुचवले, की महिन्यातून एका रविवारी अर्धा तास एकत्र बसूया आणि भिंतीचा विषय सोडून काहीही बोलूया. पहिल्या खेपेला चार जण आले. आता वीस येतात. भिंतीचा तंटा अजून पुरता मिटलेला नाही; पण वकिलाच्या नोटिसा थांबल्या आहेत आणि या दिवाळीत गच्चीवरचा आकाशकंदील दोघांनी मिळून लावायचा ठरला आहे.

पुढच्या बैठकीची सूचना मीच फळ्यावर लिहिली. विषयाच्या जागी काय लिहावे, हे सुचेना. शेवटी लिहिले, "विषय : काही नाही. तरी सर्वांनी अगत्य यावे."