पायांचं पाणी

आयर्लंडच्या पश्चिमेला ॲरन बेटांवर संध्याकाळी पायताण काढलं, की ते कोपऱ्यात ठेवत नसत. पाण्याच्या भांड्यात बुडवत. नवी कोल्हापुरी चावू नये म्हणून तिला तेल पाजणाऱ्या आपल्याला हे उफराटं वाटेल. पण ‘पॅम्पूटी’ नावाचं हे पायताण गाईच्या न कमावलेल्या कातड्याचं. केसाळ बाजू बाहेर, टाच नाही, मासेमारीच्या दोरीनं आवळलेलं. असं कातडं वाळलं, की कडक होऊन पाय आणि मोजे दोन्ही कापतं. म्हणून ते रात्रभर भिजत पडायचं. दिवसाही माणसं मधूनच लाटेत पाय बुडवून यायची.

१८९८ साली नाटककार जे. एम. सिंग (पंजाबशी संबंध नाही, आडनावाचा उच्चारच तसा) तिथं गेले. बेटावरच्या धारदार चुनखडीनं त्यांच्या शहरी बुटांच्या चिंध्या केल्या. इनिश मान बेटावरच्या यजमान घरानं रात्री विचारविनिमय करून त्यांना पॅम्पूटी शिवून दिल्या. सुरुवातीला ते सवयीनं टाचेवर भार टाकत आणि ठेचकाळत. काही तासांत पावलं सावध पडू लागली. बेटकऱ्यांची चपळ चाल जड बुटांच्या अभावामुळेच टिकली, असं त्यांचं मत झालं.

मुख्य भूमीवर उन्हाळाभर मुलं अनवाणीच असत. मोठी माणसं मिस्साला निघताना बूट हातात घेत आणि चर्च जवळ आलं, की पायात घालत. बूट झिजवायचे ते लोकांदेखत! डोनेगलमधल्या लॉक डर्गच्या तीन दिवसांच्या यात्रेत मात्र भाविक आजही अनवाणीच असतात.

घरोघरी पायांवरची दिवसभराची माती रात्री धुतली जाई आणि ते पाणी झोपण्याआधी बाहेर फेकलंच पाहिजे, असा दंडक होता. फेकताना आधी हाळी द्यायची, अंधारातून जाणाऱ्या अदृश्य मंडळींच्या अंगावर उडू नये म्हणून. यामागं आरोग्याचं कारण शोधायचा मोह मी आवरतो. लोकांनी सांगितलेलं कारण जास्त रंगतदार आहे. घरात राहिलेलं पायांचं पाणी बाहेरच्या शक्तींची हाक ऐकतं आणि आतून दार उघडतं!

ऑस्कर वाइल्डच्या आईनं १८८७ च्या आपल्या संग्रहात यावरची एक कथा छापली. शिंगं असलेल्या चेटकिणी दाराशी येऊन पायांच्या पाण्याला हाक मारतात. पण घरधनिणीनं ते आधीच उंबऱ्यावर शिंपडलेलं असतं. दार उघडत नाही.