क्रेव्हन कॉटेजवरचा आवाज

खेळांच्या धावत्या समालोचनाचा इतिहास चाळताना मी एका शनिवारपाशी बराच वेळ रेंगाळलो. २१ एप्रिल २००७. लंडनमध्ये थेम्सकाठच्या क्रेव्हन कॉटेज मैदानावर फुलहॅम आणि ब्लॅकबर्न यांचा फुटबॉल सामना १-१ असा बरोबरीत सुटला. सामना म्हणून लक्षात ठेवावं असं त्यात फारसं काही नाही. पण त्या रात्री बीबीसीच्या ‘मॅच ऑफ द डे’मध्ये त्याचं समालोचन एका स्त्रीच्या आवाजात ऐकू आलं. १९६४ पासून चालत आलेल्या या कार्यक्रमात असं प्रथमच घडत होतं. समालोचक होत्या जॅकी ओटली.

वाद मात्र त्यांनी तोंड उघडण्याआधीच पेटला होता. माजी प्रशिक्षक डेव्ह बॅसेट यांनी जाहीर विरोध केला. यामुळे कार्यक्रमाची पत जाते, असं त्यांचं म्हणणं. आणि कारण? खेळातले डावपेच कळायला माणूस स्वतः खेळलेला असावा लागतो.

हा मुद्दा तपासून पाहण्याजोगा आहे. याच कार्यक्रमाचे सर्वांत लाडके समालोचक जॉन मॉटसन हे मूळचे वार्ताहर. ते व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळले नव्हते. त्यांच्याकडे कुणी खेळल्याचा दाखला मागितला नाही. उलट ओटली मैदानात उतरलेल्या होत्या. गुडघ्याला गंभीर दुखापत झाली म्हणून त्यांचा खेळ सुटला. मग हातची नोकरी सोडून त्या पत्रकारिता शिकल्या, रुग्णालयातल्या रेडिओवर बोलल्या, लीड्सच्या स्थानिक केंद्रावर राबल्या. २००५ मध्ये त्या देशव्यापी रेडिओवर फुटबॉलचं समालोचन करणाऱ्या ब्रिटनमधल्या पहिल्या स्त्री ठरल्या. माझ्या मते हे काम टीव्हीपेक्षा कठीण. टीव्हीवर चेंडू कुठे आहे ते प्रेक्षकाला दिसतं. समालोचकाने गप्प राहिलं तरी चालतं. रेडिओवर तो गप्प राहिला की मैदानच नाहीसं होतं.

पुढे २०१६ च्या नववर्ष सन्मानांत ओटली यांना एमबीई किताब मिळाला. वाद तेव्हा मिटला असं वाटावं, तर २०१८ च्या विश्वचषकात पोर्तुगाल-मोरोक्को सामन्याला तो पुन्हा उभा राहिला. पुरुषांच्या विश्वचषक सामन्याचं ब्रिटिश टीव्हीवर थेट समालोचन करणाऱ्या पहिल्या स्त्री व्हिकी स्पार्क्स. माजी खेळाडू जेसन कंडी यांनी तक्रार केली ती आता ज्ञानाची नव्हे, पट्टीची: नव्वद मिनिटं उंच स्वर ऐकवत नाही. नंतर त्यांनी माफी मागितली.

स्त्रीच्या स्वरतंतूंची कंपनं पुरुषाच्या जवळजवळ दुप्पट असतात, हे खरंच. पण गोल झाला की कोणत्याही समालोचकाचा स्वर वरच चढतो, आणि तो चढावा म्हणून तर आपण ऐकत असतो! कानाला सवय कशाची, एवढाच हा प्रश्न आहे.

आपल्याकडे ही सवय मोडण्याची सुरुवात इंदूरला झाली होती, तीही ओटली यांच्या कितीतरी आधी. कर्नल सी. के. नायडूंच्या कन्या चंद्रा नायडू यांनी सत्तरच्या दशकात मुंबई विरुद्ध एमसीसी या क्रिकेट सामन्याचं समालोचन केलं. इंग्रजीच्या प्राध्यापक असलेल्या या बाईंनी १९९५ मध्ये वडिलांवर पुस्तकही लिहिलं. २०२१ मध्ये इंदूरलाच त्यांचं निधन झालं. ‘नायडूंची मुलगी’ हीच ओळख बातम्यांत आधी आली, माइक नंतर.